मुलाच्या श्वासनलिकेत अडकलेली वस्तू : शिक्षकांनी ओळखावयाची लक्षणे

मधल्या सुट्टीत मूल शेंगदाणे तोंडात टाकून धावत असते. इतक्यात त्यास हसू येते किंवा ठेच लागते, श्वास जोराने आत ओढला जातो आणि दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरतो. मोठा ठसका लागतो, डोळ्यांना पाणी येते. थोड्या वेळाने ठसका शमतो व मूल पुन्हा खेळू लागते. दाणा पोटात गेला असे सर्वांस वाटते. खरा धोका आहे तो याच समजुतीत.

श्वासनलिका छातीत दुभंगते. तिची उजवी शाखा डावीपेक्षा रुंद व सरळ असल्याने वस्तू बहुधा तीत उतरते. तेथे ती स्थिरावली म्हणजे खोकला मंदावतो. म्हणून खोकला थांबणे हे वस्तू बाहेर पडल्याचे लक्षण नव्हे. दाणा वा हरभरा ओलाव्याने फुगतो. शेंगदाण्यातील तेलाने नळीस सूज येते. मग काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पुढील लक्षणे दिसू लागतात :

१. औषधाने न हटणारा खोकला.
२. श्वास घेताना, विशेषतः छातीच्या एकाच बाजूस, येणारा सूं-सूं आवाज.
३. पुनःपुन्हा येणारा ताप व एकाच फुफ्फुसाचा न्यूमोनिया.

अशा मुलास दमेकरी ठरवून महिनोन् महिने औषध दिले जाण्याचा संभव असतो. दाणा वा प्लास्टिक क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही. म्हणून ‘अमुक दिवशी खाताना ठसका लागला होता’ ही माहिती डॉक्टरांस फार मोलाची ठरते. ती माहिती पुष्कळदा एकट्या शिक्षकापाशी असते, कारण रागावतील या भीतीने मूल घरी सांगत नाही. ठसका लागल्याचा दिवस, वेळ व तोंडातील वस्तू चिठ्ठीवर लिहून पालकांच्या हाती द्यावी आणि, मूल बरे दिसत असले तरी, त्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेण्यास सांगावे. जर्मनीतील डॉक्टर किलियन यांनी 1897 साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेच्या शाखेतून हाडाचा तुकडा नळीवाटे काढला. तेव्हापासून छाती न उघडता अशी वस्तू काढता येऊ लागली.

ठसका लागताच काय करावे? मूल जोराने खोकत असेल, तर त्यास खोकू द्यावे. पाणी, केळे वा भाताचा गोळा देऊ नये. आवाज निघेनासा झाला, ओठ निळे पडू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता त्यास पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 जोरदार थापा माराव्यात. उपयोग न झाल्यास पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वर असे 5 धक्के द्यावेत आणि हे आळीपाळीने चालू ठेवावे. एक वर्षाखालील बालकास पोटावर धक्के देऊ नयेत. घशात दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपू नये. दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पेठ, सुरगाण्यासारख्या डोंगरी भागात ती येईपर्यंतचा वेळ शिक्षकाच्याच हाती असतो.

तीन वर्षांखालील मुलांस हा धोका सर्वाधिक. मोठ्या बहिणीच्या कडेवर शाळेत येणाऱ्या भावंडाच्या हाती शेंगदाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, मणी वा पेनाचे टोपण पडू देऊ नये. खाणे बसूनच व्हावे, हा नियम पहिल्या दिवसापासून वर्गास लावावा.