शेक म्हणजे भाजणं नव्हे

दोन महिन्यांपूर्वी सांगलीहून मामेभावाचा फोन आला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मेंदूत हळू वाढणारी गाठ. ऑपरेशन झालं, पण थोडी गाठ काढता आली नाही. आता डॉक्टर शेक द्यायचा म्हणत होते. "पोरीचं डोकं भाजणार का रे? तू इंजिनिअर हाईस, जरा बघ की." मी साताऱ्याचा, कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण वाचलं, विचारलं, तेच सांगतो.

रेडिएशनला आपल्याकडं 'शेक' म्हणतात, तिथंच घोळ होतो. यात काही भाजत नाहीत. ताकदवान क्ष-किरण पेशीतला डीएनए तोडतात. निरोगी पेशी पुढच्या दिवसापर्यंत बरीचशी दुरुस्त होते, गाठीच्या पेशीला ते तितकं जमत नाही. म्हणून डोस वाटून देतात: अशा गाठींना साधारण रोज १.८ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, ३० वेळा, मिळून ५४ ग्रे. सहा आठवडे. गावची जत्रा आली म्हणून मध्येच खाडा करायचा नाही.

भावाची भीती मात्र खोटी नव्हती. वाढत्या मेंदूला किरण लागले की शिकण्याचा वेग, स्मरणशक्ती, उंची वाढवणारी संप्रेरकं यांवर परिणाम होऊ शकतो. तीन वर्षांखालच्या बाळांना म्हणूनच शक्यतो आधी केमो देऊन रेडिएशन पुढं ढकलतात.

मग करायचं काय? याचं उत्तर परळच्या टाटा मेमोरियलनंच शोधलंय. २००१ ते २०१२ या काळात अशाच गाठी असलेली २०० मुलं आणि तरुण त्यांनी दोन गटांत वाटले. दोन्हीकडं डोस तोच, ५४ ग्रे. एका गटाला नेहमीच्या पद्धतीनं, दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम नेमका झोत. पाच वर्षांत संप्रेरकांचा नवा त्रास पहिल्या गटात ५१ टक्क्यांना, दुसऱ्यात ३१ टक्क्यांना. बुद्धीच्या चाचण्यांतही दुसरा गट सरस, आणि जगण्याच्या प्रमाणात मोठा फरक नाही. २०१७ ला हे छापून आलं. मला वाटतं, ही गोष्ट आपल्याकडं प्रत्येक आईबापाला माहीत पाहिजे.

खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉनही आहे. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो, पलीकडच्या मेंदूला जवळपास काही लागत नाही. पण प्रत्येक पोराला तो लागतोच असं नाही.

भावाला म्हटलं, "शेक द्यायचा की नाही हे विचारू नको. कुठल्या पद्धतीनं देणार आणि आजूबाजूच्या मेंदूला किती लागणार, ते विचार." त्यानं विचारलं. मग महालक्ष्मी पकडून तिघं मुंबईला गेले.

परवा तिची अकरावी सिटिंग झाली. एकोणीस राहिल्यात.