सरकारला सॉफ्टवेअर विकायचंय का बे?

ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. कागद लागतात, धीर लागतो आणि चार महिने तग धरण्याइतके पैसे लागतात. सोलापुरात बसून सरकारी ऑर्डर घ्यायची म्हणता? मग आधी हे वाचा.

सोलापुरात इंजिनिअरिंग संपलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘पुण्याला कधी निघालास?’ मग हुतात्मा एक्स्प्रेस, हिंजवडीजवळ चौघांत एक फ्लॅट आणि सणावाराला घर. आयटी पार्क कधी होणार, याची चर्चा गावात सुरूच राहते आणि पोरं गाडीत बसतात.

पण दोस्तांनो, एक मोठं गिऱ्हाईक आपल्या गावातच बसलंय. महापालिका आहे, जिल्हा परिषद आहे, अकरा तालुक्यांची कार्यालयं आहेत, विद्यापीठ आहे. केंद्राचंही बघा: मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग, एनटीपीसीचा वीज प्रकल्प, केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. या सगळ्यांना सॉफ्टवेअर लागतं. हजेरी, साठा, तक्रारी, फायलींचा माग, किती कामं आहेत! प्रश्न एवढाच, की तिथपर्यंत तुम्ही पोचणार कसे?

दुकान ऑनलाइन झालं

पूर्वी केंद्र सरकारची खरेदी दिल्लीतल्या एका जुन्या खात्याच्या दरकरारांवर चालायची. पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय असं त्याचं भारदस्त नाव. ते खातं २०१७ च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं. त्याची जागा घेतली ‘जेम’ने, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसने. हे पोर्टल ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं. २०१७ च्या वित्तीय नियमावलीतल्या नियम १४९ नुसार, जी वस्तू किंवा सेवा जेमवर मिळते ती केंद्राच्या खात्यांनी तिथूनच घ्यायची. पहिल्या वर्षी इथली उलाढाल होती सुमारे ४२२ कोटी. २०२१-२२ मध्ये ती एक लाख कोटींवर गेली आणि २०२४-२५ मध्ये पाच लाख कोटींच्या पुढे.

खुर्च्या, टॉवेल, संगणक यांच्याबरोबर इथे सॉफ्टवेअरची लायसन्स आणि क्लाउड सेवाही विकल्या जातात. तुमचं काम ठरलेल्या कोणत्याच वर्गात बसत नसेल, तर खातं ‘कस्टम बिड’ काढू शकतं. ही कल्पना फक्त आपली नाही. ब्रिटनने २०१२ मध्येच ‘जी-क्लाउड’ सुरू केलं. सगळी सरकारी कामं मोजक्या बड्या कंपन्यांकडे जायची, ती लहानांनाही मिळावीत हा त्यामागचा एक हेतू होता.

राज्य सरकारची आणि स्थानिक संस्थांची खरेदी जेमबरोबरच ‘महाटेंडर्स’वरही चालते. त्यामुळे महापालिकेचं काम हवं असेल तर दोन्हीकडे लक्ष ठेवा.

आत शिरायला काय लागतं?

पॅन, आधार, बँक खातं, आयकर विवरणपत्र, जीएसटी. शिवाय उद्यम नोंदणी. उद्यम आणि जेम या दोन्ही नोंदण्या फुकट आहेत. ‘पाच हजारांत करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

उद्यम नोंदणी का महत्त्वाची? एक तर सूक्ष्म-लघू उद्योगांना निविदेची बयाणा रक्कम माफ असते. दुसरं म्हणजे, केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या एकूण खरेदीतला किमान २५ टक्के भाग अशा उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे. त्यातले ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी.

आणि तो नेहमीचा अडथळा, ‘तीन वर्षांचा अनुभव दाखवा’? मान्यताप्राप्त स्टार्टअपना आणि लघुउद्योगांना अनुभवाची व उलाढालीची अट शिथिल करता येते. मात्र ही सूट मिळेलच असं धरून चालू नका. ती खरेदीदाराने त्या निविदेत दिलीय का, हे आधी वाचा. गुणवत्तेत आणि तांत्रिक निकषांत तर सूट नसतेच. आणखी एक गोम आहे: स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी हवी. दोघा मित्रांनी मिळून करायचं असेल तर हे पहिल्याच दिवशी ठरवा.

‘एल-वन’ म्हणजे काय रे भाऊ?

सगळ्यात कमी दर देणारा तो एल-वन. बहुतेक निविदा तिथेच ठरतात. सोलापूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापुरी म्हणून भलतीच चादर बाजारात विकली जाते. गिऱ्हाइकाने वजन, वीण, रंगाचा पक्केपणा काहीच विचारलं नाही, फक्त ‘सगळ्यात स्वस्त द्या’ म्हटलं, तर विरळ चादरच जिंकणार ना? सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. निविदेत मराठी युनिकोड, डेटाचा बॅकअप, तीन वर्षांची देखभाल, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण यांचा उल्लेखच नसेल, तर ते न देणाराच स्वस्त पडतो.

मग उपाय? निविदा निघाल्यावर शंका विचारायची मुदत असते, ती वापरा. प्री-बिड बैठक असेल तर जा. ‘देखभाल किती वर्षं?’, ‘जुना डेटा कोण भरणार?’, ‘सोर्स कोड कोणाचा राहणार?’ हे लेखी विचारा. उत्तर सगळ्यांना लागू होतं आणि तुलना जरा बरोबरीची होते. काही सेवांमध्ये दराबरोबर गुणवत्तेलाही गुण असतात, अशा निविदा आधी शोधा. आणि काहीही झालं तरी जिंकायच्या नादात तोट्याचा दर टाकू नका. काम अर्धवट सोडलं तर अनामत जाते आणि काळ्या यादीत जायची वेळ येते.

एक प्रतिस्पर्धी मात्र दर शून्य लावतो, हेही लक्षात ठेवा. एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. १९७६ पासून सरकारचं हे स्वतःचं तंत्रज्ञान खातं आहे. ई-ऑफिससारखी प्रणाली त्यांचीच. जे त्यांनी आधीच करून ठेवलंय ते पुन्हा विकायला जाऊ नका. ते जिथे पोचत नाहीत असं छोटं, स्थानिक, किचकट काम शोधा.

सर्व्हर कुठंय?

सरकारी डेटा कुठल्याही स्वस्त होस्टिंगवर ठेवता येत नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने क्लाउड कंपन्यांचं पॅनेल केलंय. तिथलीच सेवा वापरा, असं निविदेत सहसा लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअरची सुरक्षा तपासणीही सर्ट-इनच्या पॅनेलवरच्या ऑडिटरकडून करून घ्यावी लागते. हे दोन्ही खर्च दर भरण्याआधी पकडा. नागरिकांची नावं, मोबाइल, आधार असं काही हाताळत असाल, तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही वाचून ठेवा.

खरी परीक्षा: पैसे येईपर्यंत

आता हिशेब करू. समजा, सहा लाखांची ऑर्डर मिळाली. जेमवर दहा लाखांपर्यंतच्या ऑर्डरला व्यवहार शुल्क नाही, हे चांगलं. पण कामाची हमी म्हणून निविदेप्रमाणे ३ ते ५ टक्के बँक गॅरंटी द्यायची, म्हणजे ३० हजारांपर्यंत अडकले. तिघं काम करणार, प्रत्येकी २५ हजार, चार महिने: तीन लाख. बिल काढलं की १८ टक्के जीएसटी, म्हणजे एक लाख आठ हजार, पैसे हातात आले असोत वा नसोत, भरायचा. खातं पैसे देताना टीडीएस कापणार, तो वेगळाच. थोडक्यात, सहा लाखांची ऑर्डर पेलायला चार-साडेचार लाख आधी खिशात हवेत. आणि ते घरच्यांच्या एफडीतून किंवा आईचे दागिने ठेवून आणू नका.

नियम तुमच्या बाजूने आहेत, एवढं खरं. जेमवर काम स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघालं की दहा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार ४५ दिवसांच्या पुढे उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज लागतं. तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल आहे. पण ज्याच्याकडून पुढचं काम हवंय त्याच्याविरुद्ध तक्रार करायला हात धजत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून करारातच टप्पे पाडून घ्या: डिझाइन झालं की इतके, चाचणी झाली की इतके. आणि प्रत्येक टप्प्याची सही त्याच आठवड्यात घ्या. साहेबांची बदली झाली की तोंडी शब्दाला किंमत राहत नाही.

सुरुवात कुठून?

थेट निविदेत उडी मारायची नसेल तर आणखी एक वाट आहे. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी २०१८ पासून ‘स्टार्टअप वीक’ घेते. त्यातल्या विजेत्यांना सरकारी खात्यात पथदर्शी काम करायला कार्यादेश मिळतो. सुरुवातीला ही रक्कम १५ लाखांपर्यंत होती. तिथे दराची मारामारी नसते, कल्पना आणि काम दाखवावं लागतं. शिवाय पूर्ण झालेलं एक सरकारी काम म्हणजे पुढच्या प्रत्येक निविदेतला तुमचा अनुभवाचा दाखला.

तोवर एक काम करा. या आठवड्यात जेमवर जा, आपल्या जिल्ह्यातल्या कार्यालयांनी काढलेल्या सॉफ्टवेअरच्या दहा निविदा वाचा. चालू असलेल्या आणि संपलेल्याही. कोणी काय मागितलं, कोण जिंकलं, किती रुपयांना, हे तिथे उघड दिसतं. दहापैकी दोन कामं ‘हे तर आपण करू शकतो’ अशी वाटली आणि त्या दरात तुमचा हिशेब बसला, तर उद्यम नोंदणीला बसा. हिशेब बसला नाही, तर हुतात्मा आहेच. फक्त जाताना हिशेब करून जा, न बघताच नको.