इंग्रजी काळ आणि कालावधिदर्शन

इंग्रजी भाषेत एखादी क्रिया किंवा स्थिती किती काळ चालली हे सांगताना क्रियापदाचा काळ आणि 'फॉर', 'सिन्स' यांसारखे कालावधिवाचक शब्द यांचा मेळ घालावा लागतो. भूतकाळात सुरू होऊन बोलण्याच्या क्षणापर्यंत टिकलेल्या स्थितीसाठी इंग्रजी पूर्ण किंवा चालू पूर्ण वर्तमानकाळ योजते. मराठी तेथे बहुधा साध्या किंवा अपूर्ण वर्तमानकाळावर भागवते.

मराठीशी तुलना

'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो' या वाक्यात मागचा कालखंड 'पासून' या शब्दयोगी अव्ययाने कळतो. क्रियापद केवळ आजची स्थिती सांगते. इंग्रजीत हा मागचा धागा क्रियापदातच दाखवावा लागतो: 'आय हॅव लिव्ड इन पुणे फॉर टेन इयर्स'. भारतात सर्रास ऐकू येणारे 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स' हे वाक्य प्रमाण इंग्रजीत दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे काळ. दुसरे म्हणजे, 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' या दोहोंना मराठीत एकच अव्यय पुरते. इंग्रजीत आरंभबिंदूला 'सिन्स' आणि कालखंडाच्या लांबीला 'फॉर' लागतो.

यावरून मराठी रचना सदोष ठरत नाही. जर्मन भाषेत 'झाइट' आणि फ्रेंचमध्ये 'दप्वी' या शब्दांसह असाच वर्तमानकाळ येतो. भाषाशास्त्रज्ञ बर्नार्ड कॉम्री यांनी 'आस्पेक्ट' (1976) या ग्रंथात पूर्णकाळाच्या या उपयोगाची स्वतंत्र प्रकार म्हणून नोंद केली आहे. शालेय भाषांतरांत त्यासाठी 'राहत आलो आहे' असे रूप शिकवले जाते. ते नियम लक्षात ठेवण्यापुरते ठीक. एरवी 'मला पुण्यात येऊन दहा वर्षे झाली' हेच अस्सल मराठी.

अर्थातील फरक

'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' असे अर्जात लिहिले, तर वाचणारा ती नोकरी सुटली असे समजतो. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' लिहिल्यास अर्जदार तेथे अद्याप नोकरीत आहे असे सामान्यतः कळते. 'हाउ लाँग आर यू हिअर फॉर?' हा प्रश्न एकूण मुक्काम किती, म्हणजे जाणार कधी, असे विचारतो. 'हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?' हा येऊन किती दिवस झाले ते विचारतो. पहिल्याला दुसऱ्याचे उत्तर देऊन पाहुणे व यजमान दोघेही गोंधळात पडतात.

'नो', 'ओन' यांसारखी स्थितिवाचक क्रियापदे सहसा चालू रूप घेत नाहीत. म्हणून 'आय हॅव नोन हिम सिन्स 1990' असेच म्हणतात. नकारार्थी वाक्यांत मात्र दोन्ही भाषा जवळ येतात: 'दोन वर्षांत तो भेटलेला नाही' येथे मराठीही पूर्णकाळच वापरते. 'काल', 'गेल्या वर्षी' असा निश्चित भूतकाळ आला की इंग्रजीत साधा भूतकाळ येतो. 'मी त्याला काल पाहिले आहे' ही मराठीला चालणारी रचना तेथे चालत नाही.