बाईच्या पाठीशी गाव : जामखेडचा मागोवा

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतलं शिक्षण आटोपून परतले आणि अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अवर्षणाचा तालुका, वाईट रस्ते, जातीच्या भिंती पक्क्या. हजार बाळं जन्मली की वर्षाच्या आत त्यातली १७६ दगावत. दोघंही वेल्लोरला शिकलेले. साठच्या दशकात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांना एक गोष्ट सलत राहिली होती. हगवणीने सुकलेलं पोर सलाईन लावून बरं करायचं, घरी पाठवायचं आणि काही आठवड्यांनी तेच पोर पुन्हा तसंच दारात. दवाखान्यात येणारी बहुतेक दुखणी गावातच टळण्यासारखी होती. मग काम गावातच करायला हवं, हे उघड होतं. कुणी करायचं, हे मात्र उघड नव्हतं.

पहिला बेत साधा होता : शिकलेल्या नर्सबाईंना गावात ठेवायचं. तो फसला. परगावची, तरुण, एकटी बाई गावात सुरक्षित नव्हती आणि गावाचा तिच्यावर भरवसाही बसेना. गावच्याच बायकांना शिकवा, ही सूचना तिथल्याच पुढाऱ्याकडून आली. गावांनी निवडलेल्या बायकांमध्ये मध्यमवयीन होत्या, बऱ्याचशा निरक्षर होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, दलितही होत्या. पुढे जगभर गाजलेली जामखेडची आरोग्यसेविका ती हीच.

तिच्याविषयी भरपूर लिहून झालं आहे. माझं लक्ष राहतं ते तिच्या आजूबाजूला काय होतं याकडे, कारण जामखेडचं खरं काम तिथे झालं असं मला वाटतं.

ती कामाला लागण्याआधी गावातल्या पुरुषांमध्ये हालचाल सुरू झाली होती. डॉक्टर गावात जाऊन तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळत. खेळात सगळ्या जातींची पोरं यायची, खेळ संपला की गप्पा व्हायच्या. त्या गप्पांतून तरुण शेतकरी मंडळं उभी राहिली. बियाणं, गुरांचे आजार, पाणी अडवणं, झाडं लावणं असे त्यांचे विषय. आरोग्याचा विषय कुणी पुढे केला नाही, तो आपसूक आला. गावात किती पोरं आजारी आहेत, कुणाच्या घरी खायला नाही, याची पाहणीही हीच मंडळं करू लागली.

मग १९७२चा दुष्काळ. महाराष्ट्राला हा दुष्काळ रोजगार हमीच्या रूपाने आठवतो, जामखेडला बोअरवेलच्या रूपाने. आरोळ्यांनी विहिरीची जागा शोधणाऱ्या भूगर्भतज्ज्ञाला सांगितलं, शक्यतो पाणी दलित वस्तीत बघा. हे वाक्य मला त्यांच्या साऱ्या कामाच्या मुळाशी दिसतं. शिवाशिवीविरुद्ध भाषण ठोकलं असतं तर गावाने ऐकून सोडून दिलं असतं. हापसा वस्तीत बसला की सवर्ण बाईला कळशी घेऊन तिथे जावंच लागतं. पहिले काही दिवस ती तोंड फिरवून उभी राहील, पण रांग रोजची असते. एक हापशाचा दांडा धरते, दुसरी कळशी खाली लावते. पाणी भरेपर्यंत पोराचा ताप निघतो, सुनेचे दिवस निघतात. त्याच वस्तीतली आरोग्यसेविका उद्या दारात येणार असते, तिची ओळख आधीच झालेली असते.

सेविकांचं शिक्षणही याच रीतीचं होतं. त्या दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, मुक्काम करायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. आठवडाभरात गावात काय घडलं ते प्रत्येकीने सांगायचं. कुणाच्या गावात बाळंतिणीला झटके आले, कुणाच्या घरी सासूने गोवर झालेल्या पोराचं पाणी तोडलं, कुणाच्या वस्तीत नाळ अजून विळ्याने कापतात. डॉक्टर ऐकायचे, जुन्या सेविका नव्यांना सांगायच्या. गावात परतणाऱ्या बाईजवळ औषधाची पेटी असायची आणि आपल्यासारख्याच बायकांचा गोतावळाही. पाटलाने उंबऱ्यावरून हाकललं तरी पुढच्या आठवड्याला ते सांगायला जागा होती. आणि रात्री पाटलाची सून अडली तर बोलावणं तिलाच यायचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महिला मंडळं उभी राहिली, बँकेचं कर्ज काढून बायका छोटे धंदे करू लागल्या. आता तिच्या पाठीशी मंडळ होतं, पुरुषांची बैठक होती, जामखेडचा दवाखाना होता. एक सुटलं तर दुसरं धरायला.

आकडे मग येत गेले. बालमृत्यूचं प्रमाण १९७६पर्यंत पन्नाशीच्या आसपास उतरलं आणि नव्वदच्या दशकात विशीच्या घरात आलं. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून चाललेल्या आरोग्यकार्यांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८च्या आल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी कल्पना मान्य झाली, तिच्यामागे जामखेडचाही अनुभव होता. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९मध्ये गेल्या, रजनीकांत २०११मध्ये.

इथून पुढचा मागोवा मला अस्वस्थ करतो. १९७७मध्ये केंद्र सरकारने गावोगाव आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. महिना ५० रुपये मानधन, आणि निवडले गेले ते बहुतेक पुरुष. ती योजना यथावकाश विरली. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ स्वयंसेविका आली, साधारण हजार लोकवस्तीमागे एक. या वेळी बाई निवडली, गावचीच निवडली, आणि तिने काम करून दाखवलं. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, लसी घरोघर पोचल्या. कोविडच्या लाटेत दारोदार फिरणारी तीच होती. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. आणि २०२३-२४च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या.

सरकारने जामखेडची बाई उचलली, तिच्या भोवतीचं गाव उचललं नाही. आशाला मानधनाबरोबर कामागणिक मोबदला मिळतो : एक बाळंतपण दवाखान्यात पोचवलं की इतके, लसीकरण पूर्ण झालं की इतके. गरोदर बाईच्या सासूपाशी तासभर बसून तिची भीती काढली, त्याचा मोबदला कुठल्याच रकान्यात बसत नाही. तेवढ्या वेळात दुसऱ्या घरी सर्वेक्षण उरकलं तर तो बसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बैठकीत ती येते तेव्हा तिला ऐकून घ्यायला फारसं कुणी नसतं, तिच्याकडून नोंदी घ्यायला सगळे असतात. वहीच्या जागी मोबाईल आला, नोंदी वाढल्या. मानधनाची मागणी रास्तच आहे आणि ती पुरी व्हायलाच हवी. पण पैसे पुरेसे मिळाले तरी ती गावात एकटी असेल, तर जामखेडच्या सेविकेइतकं ती करू शकणार नाही.

लहान प्रकल्पाला जमलं ते राज्याला कसं जमेल, असं विचारलं जातं. प्रश्न खरा आहे. सत्तर-ऐंशी हजार आशांबरोबर कुणी व्हॉलीबॉल खेळायला जाणार नाही. तरी काही गोष्टी मोठ्या प्रमाणावर करता येतात. अंगणवाडीताई, नर्सबाई आणि आशा या तिघी एकाच गावात काम करतात, दोन वेगवेगळ्या खात्यांना उत्तरं देतात आणि अनेकदा तीच माहिती तीन ठिकाणी भरतात. गावची आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती कागदावर आहे. ती खरोखर बसली तर शेतकरी मंडळाचं काम करू शकते. बचतगट तर जवळपास प्रत्येक गावात आहेत. नव्याने उभारायचं फार नाही, आहे ते एकमेकांना जोडायचं आहे.

सुरुवात बैठकीपासून करता येईल. महिन्यातली एक बैठक नोंदींविना घ्यावी. तालुक्यातल्या आशांनी एकत्र बसावं, एकत्र जेवावं, महिनाभरात काय पाहिलं ते प्रत्येकीने सांगावं आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने ते शेवटपर्यंत ऐकावं. त्या दिवसाचा मोबदला पूर्ण धरावा.