अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे चर्च

आपल्या गावात कोणाची काय जागा आहे हे त्याला मारलेल्या हाकेवरून कळते. एकाला 'अहो पाटील' म्हणतात, दुसऱ्याला नुसते 'अरे'. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असेच चाले. साठ वर्षांच्या काळ्या गृहस्थालाही गोऱ्याचे पोर 'बॉय' म्हणजे 'ए पोरा' म्हणून हाक मारी. हा गृहस्थ आठवडाभर कापूस वेची नाहीतर स्टेशनवर हमाली करी. रविवारी मात्र तो धुतलेला कोट चढवून आपल्या लोकांच्या चर्चमध्ये जाई आणि तिथे त्याला 'ब्रदर' किंवा 'डीकन' म्हणत. डीकन म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा सेवक. तो हिशेब ठेवी, प्रार्थना चालवी, चार लोकांत उभा राहून बोले. सहा दिवस 'पोरा' आणि सातव्या दिवशी मानकरी! ह्या चर्चविषयी आज थोडे सांगायचे आहे.

पहिला प्रश्न तुमच्या मनात येईल तो असा, की मालकाचा धर्म गुलामाने का घ्यावा? प्रश्न रास्त आहे. व्हर्जिनियात आफ्रिकन माणसे विकायला आणली गेली ती १६१९ साली, आणि गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली. ह्या मधल्या काळात गुलामांना धर्म सांगितला गेला तोही मालकाच्या सोयीचा. 'दासांनो, आपल्या धन्याच्या आज्ञेत राहा' हे पौलाच्या पत्रांतले वचन त्यांच्या कानी पुन्हा पुन्हा घातले जाई. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. १८३१ साली नॅट टर्नर नावाच्या गुलाम प्रवचनकाराने व्हर्जिनियात बंड केले, त्यानंतर तर गोऱ्याच्या देखरेखीवाचून काळ्यांनी प्रार्थनेला जमण्यावरही बंधने आली.

तरी माणसे जमत. रात्री रानात, ओढ्याकाठी, झोपडीत जमत. एखादे मोठे लोखंडी पातेले दाराशी उपडे घालून ठेवीत, म्हणजे गाण्याचा आवाज त्यात मुरतो, मालकापर्यंत जात नाही, अशी त्यांची समजूत होती. तिथे ते आज्ञाधारक दासांची गोष्ट सांगत नसत. ते मोशेची गोष्ट सांगत. फारोच्या दास्यातून एक अख्खी जमात बाहेर पडते आणि देव तिच्या बाजूने उभा राहतो, ही ती गोष्ट. शास्त्र एकच होते, पण मालक त्यातले एक पान वाची आणि गुलाम दुसरे.

उत्तरेकडील शहरांत गुलामीतून सुटलेले काळे लोक होते. फिलाडेल्फियातील एका चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या उपासकांना मधूनच उठवण्यात आले, कारण काय, तर ती जागा त्यांची नव्हे. ते सगळेच उठून बाहेर पडले. त्यांत रिचर्ड अॅलन होते. स्वतःची किंमत मालकाला मोजून त्यांनी आपली सुटका करून घेतली होती. १७९४ साली त्यांनी बेथेल चर्च उभे केले आणि १८१६ साली आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. तो आजही चालू आहे. काळ्या माणसाच्या मालकीची, त्याच्या पैशाने उभी राहिलेली आणि त्याच्याच मताने चालणारी पहिली मोठी संस्था म्हणजे हे चर्च. शाळा तिथे भरे, मयताच्या खर्चाचा फंड तिथे जमे, आणि पाळक निवडताना मत द्यायलाही माणूस तिथेच शिके. सरकारी निवडणुकीत त्याला मत देऊ देत नसत, तेव्हाची ही गोष्ट.

आता ह्या कथेचा धागा आपल्या विदर्भात येतो. १९३५ साली हॉवर्ड थर्मन नावाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि प्राध्यापक हिंदुस्थान व सिलोनच्या दौऱ्यावर आले. कोलंबोत एका कायदेपंडिताने त्यांना तोंडावर विचारले, की ज्यांनी तुमच्या लोकांना गुलाम केले ते ख्रिस्ती, त्यांचाच धर्म घेऊन तुम्ही इथे कसे येता? थर्मन ह्यांच्या आजी गुलामीत वाढल्या होत्या, त्यांना वाचता येत नसे. नातू त्यांना शास्त्र वाचून दाखवी, पण पौलाची पत्रे त्या सहसा वाचू देत नसत. मालकाच्या पाळकाची ती वचने त्यांना पुरेपूर आठवत होती. मात्र एका गुलाम प्रवचनकाराचे बोल त्यांनी जपून ठेवले होते. तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात, असे तो सांगे. कोलंबोच्या प्रश्नाचे उत्तर थर्मन ह्यांनी १९४९ सालच्या आपल्या पुस्तकात दिले. येशू स्वतः गरीब होता, परक्या सत्तेखाली दबलेल्या जमातीत जन्मला होता, म्हणून ज्यांची पाठ भिंतीला लागली आहे त्यांच्याशीच तो प्रथम बोलतो, असा त्याचा मथितार्थ. फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीस ते गांधीजींना भेटले होते.

वर्षभराने बेंजामिन मेझ आले. त्यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. आपल्या लोकांच्या सुमारे आठशे चर्चची पाहणी करून त्यांनी व त्यांच्या एका सहकाऱ्याने १९३३ साली ग्रंथ लिहिला होता, आणि त्यात आपल्याच घरातले दोषही झाकले नव्हते. इमारतींची कर्जे फार, पाळकांचे शिक्षण तोकडे, आणि तपासलेल्या प्रवचनांपैकी निम्म्याहून अधिक परलोकाच्या गोष्टी सांगणारी, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. वर्ध्याजवळच्या सेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, ते गांधीजींशी दीड तास बोलले. अहिंसा म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे त्यांनी तिथे समजून घेतले, आणि जातिव्यवस्थेविषयीही प्रश्न केला.

ह्याच प्रवासात म्हैसूरजवळच्या खेड्यातील अस्पृश्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मेझ ह्यांना बोलावले आणि मुलांना सांगितले, की हे पाहुणे त्यांच्या देशातले अस्पृश्यच आहेत, पण केवढे शिकले पाहा. मेझ प्रथम दचकले. मग त्यांच्या ध्यानात आले, की मास्तर खोटे बोलले नाहीत.

मेझ पुढे मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. तिथे त्यांची प्रवचने ऐकणाऱ्या मुलांत मार्टिन ल्यूथर किंग होते. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी गावी रोझा पार्क्स ह्या बाईंनी बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडली नाही, म्हणून त्यांना अटक झाली. काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस टिकला. कसा टिकला? चर्चमुळे. सभा चर्चमध्ये भरत, वर्गणी तिथे गोळा होई, आणि लोकांना कामावर पोचवायला चर्चच्या नावाने मोटारी घेतल्या गेल्या. लोक त्यांना 'फिरती चर्चे' म्हणत. किंग तेव्हा सव्वीस वर्षांचे पाळक होते. त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. पुढे १९६३ साली बर्मिंगहॅमच्या चर्चमधील स्फोटात चार मुली ठार झाल्या. चर्च हेच बळ असल्याचे शत्रूलाही ठाऊक होते.

आपल्याकडे ही तुलना नवी नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामगिरी मोडणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली तिथले कृष्णवर्णीय विद्वान डू बॉइस ह्यांना पत्र लिहिले. पण बाबासाहेबांचा निर्णय वेगळा ठरला. ज्या धर्मात अपमान झाला तो सोडून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षाच्या शेवटी माँटगोमेरीच्या बसमधले वेगळे बाक गेले. एकांनी धर्म आतून नव्याने वाचला, दुसऱ्यांनी नवा धर्म घेतला. दोघांनाही हवी होती ती माणूस म्हणून ओळख. आणि आपल्याकडील ख्रिस्ती मंडळीतही जात पुरती गेली नाही, हेही इथे सांगितलेच पाहिजे. धर्म बदलल्याने लोकांची हाक आपोआप बदलत नाही.

सौंदडसारख्या गावातील शिक्षकबंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते, की ही हकीकत इतिहासाच्या तासाला मुलांना जरूर सांगा. सांगताना म्हैसूरकडच्या त्या मास्तरांची गोष्ट वगळू नका. आणि वर्गात मागे बसणारे, कोणी नावानेही न बोलावलेले मूल असेल, त्याला त्या दिवशी पूर्ण नावाने पुढे बोलवा, चार ओळी वाचायला लावा. त्या रविवारच्या चर्चने कापूस वेचणाऱ्या माणसासाठी केले ते हेच.