मुक्या जिवांचें बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलणें हें केवढें दिव्य असतें, तें भाड्याच्या जागेंत दिवस काढलेल्या शहरवासीयांस निराळें सांगावयास नको. मग ज्या बिऱ्हाडांत शेंदोनशें कुत्रीं व मांजरें आहेत आणि ज्याला शेजार मिळणेंच दुर्घट, त्याची काय कथा? सोडवून आणलेल्या जनावरांचें आश्रयस्थान चालवावें कसें व हलवावें कसें, याचा आज थोडा विचार करूं.

या बाबतींत लंडनचें उदाहरण बोधप्रद आहे. मेरी टीलबी नांवाच्या बाईंनीं १८६० सालीं हॉलोवे भागांत भटक्या व उपाशी कुत्र्यांसाठीं आसरा उघडला. वृत्तपत्रांतून त्याची थट्टा झाली. परंतु १८६२ सालीं चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकांत सहानुभूतीचा लेख आला. तथापि थट्टेपेक्षां भुंकण्याची तक्रारच अधिक भारी ठरली. शेजारी त्रासले, आणि १८७१ सालीं संस्था बॅटर्सी येथें रेल्वेच्या रुळांलगत गेली. जेथें गाड्यांचा खडखडाट आधींच चालू आहे, तेथें भुंकण्याची तक्रार कोण करणार? १८८३ पासून मांजरांनाही तेथें प्रवेश मिळाला. टीलबीबाई १८६५ मध्येंच निवर्तल्या होत्या. पण कारभार समितीच्या हातीं असल्यानें कार्य थांबलें नाहीं.

मुंबईचा अनुभव याहून निराळा. १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याची मोहीम निघाली, तेव्हां पारशी समाज खवळून उठला व दंगल झाली. पुढें १८३४ सालीं सर जमशेटजी जीजीभाई, मोतीचंद अमीचंद प्रभृतींच्या पुढाकारानें पांजरपोळ ही संस्था स्थापन झाली. पांजरपोळाची रीत जनावर मरेपर्यंत पोसण्याची. उलट बॅटर्सीस, मालक वा नवें घर न मिळालेल्या पुष्कळ कुत्र्यांस त्या काळीं मारून टाकीत. एका रीतींत जागा भरून जाते, दुसरींत जीव जातो. यांतून मार्ग काढण्यासाठीं आपल्या देशांत २००१ सालच्या नियमांनीं एक तत्त्व घालून दिलें: भटक्या कुत्र्यांवर संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी व त्यांस मूळ जागीं सोडावें. २०२३ च्या नियमांनींही तेंच कायम ठेवलें. म्हणजे आश्रयस्थानाची खरी गरज आहे ती जखमी, पोरक्या व घरांतून टाकून दिलेल्या जिवांना.

तें चालवितांना पहिली दक्षता अशी, कीं नवें जनावर थेट इतरांत मिसळूं नये. निदान दोन आठवडे तें निराळें ठेवावें व लस टोचावी. कारण पार्व्होसारख्या रोगाची लागण भांडीं, बूट व हात यांवरूनही होते. मांजरांची खोली कुत्र्यांच्या नजरेआड असावी. सततच्या भुंकण्यानें भ्यालेलें मांजर अन्नास तोंड लावीत नाहीं.

स्थलांतराची वेळ आली, तर नव्या जागीं पाणी, गटार व कुंपण सिद्ध झाल्यावांचून एकही जनावर हलवूं नये. निरोगी आधीं न्यावीं. संसर्ग झालेलीं सर्वांत शेवटीं, निराळ्या गाडींतून. प्रत्येकाच्या गळ्यांत क्रमांकाचा बिल्ला, तोच क्रमांक वहींत, आणि निघतांना व पोहोंचतांना मोजणी. अंथरूण न धुतां बरोबर द्यावें. परक्या जागेंत ओळखीचा वास हाच धीर असतो. खाऊं घालणारा माणूसही शक्यतों तोच असावा. मांजरास कांहीं आठवडे खोलीबाहेर सोडूं नये, नाहींतर तें जुन्या जागेच्या शोधांत निघतें व वाटेंत हरवतें.

सर्वांत कठीण काम मात्र निराळेंच आहे. दारांत लंगडें पिलूं घेऊन मूल उभें असतां ‘जागा नाहीं’ असें म्हणवत नाहीं. पण पन्नासांच्या जागेंत शंभर कोंबलीं, कीं रोगराई पसरते आणि वांचविलेलीं जनावरेंच मरूं लागतात. यावर उपाय चालकांच्या हातीं थोडा, आपल्या हातीं पुष्कळ आहे. आपणांपैकीं कोणी तेथील एक जनावर घरीं आणलें, तर तें सुखी होतेंच. शिवाय दारांतल्या त्या मुलाला ‘ये’ म्हणतां येतें.