जुन्या बार्शी लाईटचा पूल आणि आपली ट्रॉली



आमच्या गटात ओढ्यावर एक जुना रेल्वेपूल उभा आहे. दगडी खांब, वर लोखंडी गर्डर. रूळ केव्हाच गेले. कोणी तरी फळ्या टाकल्या, त्यावर मुरूम ओढला, आणि वाट पडली. बैलगाडीचे ठीक होते, पण आता ऊस भरलेल्या ट्रॉल्या तिथून येऊ लागल्या आहेत. तेवढाच तीन-चार किलोमीटरचा फेरा वाचतो!

ही लाईन बार्शी लाईट रेल्वेची. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने ती बांधली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. आमच्या वडीलधाऱ्यांनी याच गाडीने वाऱ्या केल्या. १९५४ साली ती सरकारने घेतली. धाराशिव शहर जुन्या मार्गावर नव्हते. ब्रॉडगेज करताना मार्ग शहराकडे वळवला, २००८ साली काम पुरे झाले, आणि जुन्या मार्गाचा तुकडा ओसाड पडला.

कॅलथ्रॉपचा हिशेब मोठा पक्का. इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. म्हणून इंजिनाला चाके जास्त दिली, आणि रूळ व पूल हलके ठेवता आले. स्वस्तात लाईन झाली ती अशी.

आता आपला हिशेब मांडू. एका ट्रॉलीत दहा टन ऊस, ट्रॉलीचे वजन दोन-अडीच टन. दोन आसांवर वाटले तरी आसाला सहा टनांच्या वर जाते. शिवाय गाडीचे चाक गर्डरच्या डोक्यावर चाले. आपल्या ट्रॉलीची चाके त्याहून लांब, म्हणजे भार पडतो तो बाहेरच्या फळीवर. फळी कोणी तपासली आहे?

गेल्या हंगामात एका ट्रॉलीचे मागचे चाक फळी मोडून खाली गेले. ड्रायव्हर उडी मारून वाचला. ऊस उतरवून दुसऱ्या गाडीत भरायला दोन दिवस गेले, वजन घटले ते सभासदाचेच. आम्हीही त्या वाटेला डोळेझाक केली होती, हे कबूल करतो.

यंदा या भागातील तोडणीच्या चिठ्ठीवर ‘डांबरी रस्त्याने’ असा शेरा राहील. पुलावरून आलेल्या गाडीची तक्रार आली तर मुकादमाला पुढची चिठ्ठी मिळणार नाही. ज्यांच्या रानातून डांबरीपर्यंत वाट नाही, त्यांनी दसऱ्याच्या आत गट ऑफिसात गटनंबर लिहून द्यावा. शेजाऱ्याच्या बांधावरून वाट मागायला आम्ही बरोबर येऊ.